'आमच्या वेळी काही झालं नाही': घरी बनवलेल्या फटाक्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

दरवर्षी नवरात्र संपलं की फटाक्यांबद्दल पत्रं यायला लागतात, कुत्रं घाबरतं काय करू, आवाज किती असावा, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर स्टॉल कधी लागतात वगैरे. यावेळी मात्र बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आली, घरी फटाके बनवणं. मी नाशिकमधे एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे २६ वर्षं काढली आहेत, त्यामुळे यातली काही पत्रं वाचताना अक्षरशः पोटात गोळा आला. पाच पत्रं निवडली आहेत, नावं छापत नाहीये. कशात काय आणि किती घालायचं असं विचारणारी पण दोन पत्रं होती, त्यांना सरळ सांगतो की ते मी इथेही सांगणार नाही आणि फोनवरही सांगणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. परवा त्याचं कपाट आवरताना कफ सिरपची काचेची बाटली सापडली, त्यात राखाडी पूड भरलेली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की मागच्या दिवाळीत सोसायटीत न फुटलेले फटाके पडले होते ते फोडून त्यातली दारू काढून ठेवलीये. शेजारी काडेपेटीचे गुल खरवडून ठेवलेली एक पुडी पण होती. व्हिडिओ बघून यावर्षी मोठा बॉम्ब बनवायचा बेत आहे म्हणे. मिस्टर म्हणतात सगळीच पोरं करतात, एवढं काय. मी ती बाटली उघडून संडासात ओतून टाकू का? - एक आई, इंदिरानगर

उत्तर: ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला कारण अंक छापून येईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. जे फोनवर सांगितलं तेच बाकीच्यांसाठी परत लिहितो. बाटली उघडायची नाही. फिरवायचं झाकण असतं ना, त्याच्या आट्यांमधे पुडीचे कण अडकलेले असतात आणि झाकण फिरवलं की ते काचेवर घासले जातात, तेवढं घासणं काही मिश्रणांना पुरतं. ओतायची नाही, हलवायची नाही, कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात द्यायची नाही, तिथे तो माणूस हाताने कचरा दाबतो. पाणी पण आपल्या मनाने ओतायचं नाही, कारण आत ॲल्युमिनियमची पूड असेल तर ओल लागल्यावर ते मिश्रण आपोआप तापू शकतं. बाटली जिथे आहे तिथेच ठेवायची, खोलीत कोणाला जाऊ द्यायचं नाही, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून जे आहे ते खरं सांगायचं. तुम्ही तसंच केलंत, ते लोक येऊन घेऊन गेले, खूप बरं केलंत.

आता मिस्टरांचं म्हणणं. फटाक्यातली दारू म्हणजे एकच वस्तू असते असं आपल्याला वाटतं पण तसं नाहीये, भुईनळ्यातली वेगळी, रॉकेटमधली वेगळी, सुतळी बॉम्बमधली तर पूर्णच वेगळी. सुतळीतली ती चंदेरी पूड ढीग करून उघड्यावर पेटवली तरी नुसती जळत नाही, डोळ्याची पापणी मिटायच्या आत सगळी एकदम जाते. दहा प्रकारच्या फटाक्यांची दारू एका बाटलीत गेली की त्याचं काय झालंय हे मलाही सांगता येणार नाही आणि कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाही नाही. त्यात काड्यांचे गुल म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, ते तर घासल्यावर पेटावं म्हणूनच बनवलेलं असतं.

आणि सगळीच पोरं करतात म्हणाल तर माझा मामेभाऊ पण करायचा. १९८८ ची दिवाळी, जुन्या नाशकात मामाचा वाडा होता, पाडव्याची सकाळ, मोठी माणसं फराळाला बसलेली आणि हा मागच्या पडवीत फुसक्या फटाक्यांची दारू डब्यात भरून बत्त्याने दाबत होता. काडी नाही, उदबत्ती नाही, जवळपास विस्तव म्हणून काही नव्हता, फक्त दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं आणि अर्धा अंगठा गेला. आज त्याने पन्नाशी ओलांडलीये, माणूस कर्तबगार आहे, पण शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण त्याला अजून दुसऱ्याकडून लावून घ्यावं लागतं. तो आवाज ऐकून मामी ताटावरून उठून धावली होती, त्यानंतर तिने दिवाळीत कधी फटाका आणू दिला नाही.

मुलाला मारू नका आणि मोबाइल काढून घेऊन विषय संपला असंही समजू नका, तो मित्राच्या मोबाइलवर बघेल. त्याच्याबरोबर बसून तो व्हिडिओ बघा आणि त्याला एवढंच विचारा, की यात जे फसले, ज्यांचा हात भाजला, त्यांचे व्हिडिओ कुठे आहेत? ते कोणी टाकत नाही. ज्याचं नीट झालं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि नीट झालं ते पण बरेचदा कापून जोडून दाखवलेलं असतं. शिवाय न फुटलेल्या फटाक्यांचं काय करायचं हे त्याला यावर्षी तुम्हीच दाखवा, निदान अर्धा तास जवळ जायचं नाही, मग लांबून बादलीभर पाणी टाकायचं आणि रात्रभर पाण्यातच ठेवायचे (वर पाणी नको म्हटलं ते बाटलीतल्या मिश्रणासाठी), परत वात पेटवायची नाही, वाकून बघायचं नाही, फोडायचे तर नाहीच.

प्रश्न: आम्ही लहानपणी गंधक-पोटॅश आपटायचो, जत्रेत उखळी उडताना शेजारी उभे राहायचो, माझी दहाही बोटं शाबूत आहेत. हल्ली फार बाऊ करतात असं मला वाटतं. नातू पीव्हीसी पाइपची कार्बाइडवाली बंदूक करायची म्हणतोय. दिवाळीत आवाज होईल आणि पुढे फेब्रुवारीत द्राक्षाचे मणी गोड झाले की पाखरं हाकलायला बागेत पण कामाला येईल. यात दारू नसतेच, नुसता गॅस, मग भीती कसली? - एक आजोबा, मखमलाबाद

उत्तर: आजोबा, तुमची बोटं शाबूत आहेत याचा आनंदच आहे, पण तुमच्याबरोबर आपटणारी जी पोरं होती त्यातल्या कोणाचा डोळा, कोणाची बोटं गेली होती का हे जरा शांतपणे आठवून बघा, बहुतेक गावांत असा एक तरी असतो. तुम्ही ज्याला पोटॅश म्हणताय ते खताचं पोटॅश नव्हे, ते पोटॅशियम क्लोरेट, आणि क्लोरेटबरोबर गंधक मिसळलेलं असं कुठलंही स्फोटक बनवणं, जवळ बाळगणं, बाहेरून आणणं यावर केंद्र सरकारने जानेवारी १९९२ मधे देशभर बंदी घातली. म्हणजे बाऊ हल्लीचा नाहीये, तीस वर्षांपेक्षा जुना आहे, आणि तो का केला तर हे मिश्रण इतकं नाजूक असतं की ढकललं, घासलं, उन्हात तापलं, इतकंच काय तर गंधकाला हवेतली ओल लागून त्यात जरासं आम्ल तयार झालं तरी ते आपणहून पेटू शकतं. कारखान्यांमधे ज्यांच्या हाताला सवय आहे अशी माणसं यात गेली तेव्हा ही बंदी आली. तुमच्याकडे द्राक्षावरच्या भुरीसाठी गंधक गोदामात असणारच, त्या गोदामाला कुलूप लावा एवढी एक विनंती, नातू हुशार दिसतोय आणि हुशार पोरंच हे उद्योग करतात.

आता कार्बाइड. दारू नसते हे बरोबर, पण कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच. घरातला सिलेंडरचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असला तरच पेटतो, त्याहून कमी किंवा जास्त झाला तर नाही पेटत. ॲसिटिलीनचं तसं नाही, अडीच टक्क्यांपासून ते ऐंशी टक्क्यांच्या पुढेपर्यंत कसाही असला तरी पेटतो. म्हणजे पाइपमधे थोडा आहे की भरपूर आहे याने काही फरक पडत नाही आणि नेम धरून ठरावीक आवाज काढणं कोणाच्याच हातात नसतं. पाइप पाण्याचा असतो, असल्या धक्क्यासाठी बनवलेलाच नसतो, फुटला की त्याचे टोकदार तुकडे होतात आणि प्लास्टिक असल्यामुळे ते एक्स-रेमधे नीट दिसत पण नाहीत, डॉक्टरला शोधत बसावं लागतं.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. ही बंदूक बरेचदा पहिल्या झटक्यात वाजत नाही. नाही वाजली की पोरगं काय करतं, तोंड पुढे करून पाइपमधे डोकावतं, आणि नेमका तेव्हा गॅस पेटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा भागात हेच झालं, दोन-तीन दिवसांत शंभरावर लोक, बहुतेक सगळी लहान पोरं, डोळ्याला इजा होऊन हॉस्पिटलमधे आले आणि त्यातल्या काहींची नजर गेली. नुसती आग असती तर एक वेळ पापणी मिटून निभावलं असतं, पण कार्बाइड विरघळल्यावर मागे जे राहतं तो चुना असतो, तो डोळ्यात गेला की आम्लापेक्षा वाईट, कारण आम्ल वरच्यावर भाजतं आणि चुना आत मुरत जातो, बुबुळाचा पारदर्शकपणाच घालवून टाकतो. फळं पिकवायला कार्बाइड वापरायला आपल्याकडे बंदी आहे, तरी ते बाजारात फिरतं आणि पोरांच्या हाती लागतं याचा मला खरंच संताप येतो.

पाखरांसाठी म्हणाल तर बागेवर जाळी टाका, एकदा खर्च होतो पण काही हंगाम टिकते, चमकणाऱ्या रिबिनी बांधा, आणि पूर्वी तुमच्याकडेही डबे वाजवत गोफण घेऊन माणूस फिरायचाच की. पाखरं आवाजाला आठवड्याभरात सरावतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

प्रश्न: आमच्या मंडळाने यावर्षी त्रिपुरारी पौर्णिमेला मोठी आतषबाजी ठरवलीये. तयार माल महाग पडतो म्हणून ओळखीतला एक कारागीर बोलावलाय, तो सामान आणेल आणि आमच्या पाच-सहा पोरांना हाताशी घेऊन वाड्याच्या मागच्या खोलीत भुईनळे भरेल. दोन दिवसांचं तर काम आहे. लायसन लागतं का, की घरगुती प्रमाणात चालतं? - मंडळाचा कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर: मित्रा, घरगुती प्रमाण असा प्रकार कायद्यात नाही. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम, दोन्हीत शोभेची दारू बनवायला परवाना लागतो, बिनपरवाना बनवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, पेसो म्हणतात त्या खात्याला. पण तू कायदा विचारलास म्हणून सांगितलं, माझी काळजी वेगळी आहे.

दिवाळीतल्या तात्पुरत्या स्टॉलचे नियम बघ. तिथे नुसता तयार, पुठ्ठ्यात बंद माल विकतात, तरी दोन स्टॉलमधे ३ मीटर अंतर हवं, वस्तीपासून ५० मीटर लांब हवं, स्टॉल एकमेकांसमोर तोंड करून नको, शेड पेट घेणार नाही अशा सामानाची हवी. आणि तुम्ही काय करताय, सुटी दारू, लाकडी माळवद, अरुंद बोळ जिथे अग्निशमनची गाडी वळतच नाही, वर कोणाची तरी म्हातारी आई झोपलेली. शिवकाशीत परवानाधारक कारखान्यात एका शेडमधे मोजकीच माणसं बसवतात, अंगावर सुती कपडे लागतात, नायलॉन-पॉलिस्टर चालत नाही कारण त्यात स्थिर वीज साठते, लोखंडी हत्यारं वापरत नाहीत, एवढं करून तिथे दर काही महिन्यांनी माणसं जातात. ५ सप्टेंबर २०१२ ला शिवकाशीजवळ मुदलीपट्टीत एका कारखान्यात तीसहून जास्त माणसं मेली. तुमच्या पोरांनी अंगात काय घातलेलं असेल? मंडळाचा टी-शर्ट, पॉलिस्टरचा.

आणि लांब कशाला जायचं, पिंपरी-चिंचवडला तळवड्यात डिसेंबर २०२३ मधे केकवर लावायच्या त्या चमचमणाऱ्या मेणबत्त्या बनवायचं काम बिनपरवाना चालू होतं, बॉम्ब नाही, सुतळी नाही, वाढदिवसाच्या मेणबत्त्या. आग लागली आणि सहा बायका तिथेच गेल्या, नंतर हॉस्पिटलमधे आकडा वाढत गेला. त्यांच्यातल्या कोणाला आपण स्फोटकाचं काम करतोय असं वाटत तरी असेल का, मला शंका आहे. १ एप्रिल २०२५ ला गुजरातेत डीसा इथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाला, एकवीस माणसं, त्यात कामगारांची लहान मुलं पण.

भुईनळा भरताना दारू दाबायला लागते हे तुलाही माहीत असेल. उघडी असताना जी दारू भस्स करून जळते तीच घट्ट दाबून बंद केली की फुटते, कधी जास्त दाबली गेली, कधी खोकं चिरलं, तो नळा मग कारंजं देत नाही, बॉम्ब होतो, आणि पेटवणारा त्याच्यावर ओणवा झालेला असतो कारण भुईनळ्याला तो घाबरत नाही. कारागिराला मानाने नारळ देऊन परत पाठवा, जमलेल्या वर्गणीत जेवढा तयार ग्रीन फटाक्यांचा माल येईल तेवढाच आणा, खोक्यावर नीरी या सरकारी पर्यावरण संस्थेचा शिक्का आणि क्यूआर कोड बघून, आणि उरलेल्या पैशात घाटावर पणत्या लावा. गोदाकाठी त्रिपुरारीला हजार पणत्या लागल्या की त्यापुढे कुठलाही नळा फिका पडतो असं माझं तरी मत आहे.

प्रश्न: फटाक्याने भाजलं तर आमच्याकडे टूथपेस्ट लावतात, सासूबाई बटाट्याचा कीस लावतात. काय बरोबर? - जेल रोड, नाशिकरोड

उत्तर: दोन्ही नाही. नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, तूप नको, हळद नको, शाई नको. सूज यायच्या आधी अंगठ्या-बांगड्या काढा, कपडा चिकटला असेल तर ओढू नका, फोड फोडू नका, धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. डोळ्याला चुना किंवा कार्बाइड लागलं असेल तर कण झटकून लगेच भरपूर पाण्याने धुवायला घ्या, निदान १५-२० मिनिटं, गाडीत बसल्यावरही बाटलीने चालू ठेवा. पण डोळ्यात काही घुसलेलं दिसत असेल तर धुवू नका, ओढू नका, दाबू नका, वर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीने धरा आणि निघा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फात टाकू नका, तसं केलं तर जोडायला उपयोग राहत नाही. सासूबाईंना राग न येऊ देता सांगा, त्या मायेनेच करतात.

प्रश्न: सर मी आठवीत आहे. मला केमिस्ट्री खूप आवडते. फटाक्यात रंग कुठून येतात ते मला बनवून बघायचंय. सगळे नुसतं नको नको म्हणतात, का ते कोणी सांगत नाही. - सिडको

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तू म्हणतोस ते खरं आहे, नुसतं नको म्हणणं पुरेसं नाही. रंग येतात धातूंच्या क्षारांमुळे. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा, सोडियमने पिवळा, आणि पांढरा लखलखाट येतो ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा. उष्णतेने त्यांचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि खाली येताना ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात. निळा सगळ्यात अवघड, कारण तांब्याचं जे संयुग तो रंग देतं ते जास्त उष्णतेत मोडतं, म्हणून आकाशात सुंदर निळा क्वचित दिसतो. बेरियम विषारी आहे, त्याचे क्षार फटाक्यात वापरायला सुप्रीम कोर्टाने मनाई केलीये, आणि २०१७ मधे शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी, लिथियम यांनाही बंदी आली.

हे बघण्यासाठी तुला फटाका लागत नाही. भाजी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना, ते मिठातलं सोडियम, तुझ्या आईच्या ओट्यावर रोज घडतं. बाकीचे रंग शाळेच्या लॅबमधे बाईंसमोर ज्योत परीक्षेत दिसतात, तारेच्या टोकाला कणभर क्षार घेऊन, चष्मा घालून. हा अंक बाईंना दाखव आणि म्हण की या सरांनी सांगितलंय, मी स्वतः येऊन करून दाखवायला तयार आहे.

बनवू नको का म्हणतात ते असं, की साधी फुलबाजी हजार डिग्रीच्या पुढे जाते, पाणी शंभरला उकळतं, आणि फुलबाजी हातात धरतात म्हणून तिची भीती वाटत नाही. मिश्रण करताना ते पेटलं तर तुझा चेहरा त्याच्यापासून वीतभर लांब असतो आणि हात मागे घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते संपलेलं असतं. मी २६ वर्षं लॅबमधे काढली, पण हे मिश्रण मी कधीही केलं नाही, कारण लॅबमधे त्याला लागणारी जागा नसते, भिंती नसतात, आणि चुकलं तर मागे सरकायला अंतर नसतं.

आणि एक, खरं सांग, तू काही गोळा करून ठेवलंयस का? पत्रात तू लिहिलं नाहीस पण 'बनवून बघायचंय' म्हणालास म्हणून विचारतो. ठेवलं असशील तर त्याला हात लावू नको, आज संध्याकाळी आई-बाबांना सांग, ते रागावले तर वरचं पहिलं पत्र त्यांना वाचायला दे. पत्राच्या मागे तू घरचा नंबर लिहिलायस, मी रविवारी सकाळी फोन करतो.